चार वाजताचा पेपर

पेपरच्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात. एक रद्दी आणि दुसरे किस्से. रद्दीवाला अधूनमधून येतो, तराजू लावतो आणि भाव पाडून घेऊन जातो. किस्से मात्र कोणी फुकटही नेत नाही! उलट चहाच्या टपरीवर मी एखादा सांगायला जावं, तर समोरचा आपले दोन ऐकवतो आणि माझा ढीग आणखी वाढतो. आता जागाच उरली नाही, म्हणून आज थोडे तुमच्या पदरात टाकतो.

आमचं हिंगोलीचं सायंदैनिक. नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की लोक पहिल्यांदा "तो अजून निघतो का?" असं विचारतात आणि माझा मूड जातो. सकाळचे मोठे पेपर बाहेरून गाडीनं येतात आणि त्यात आमच्या जिल्ह्याला एखादा कोपरा मिळतो. आम्ही दुपारी चारला निघतो आणि सगळीच्या सगळी पानं हिंगोलीची. सगळी म्हणजे चार.

ऑफिसात माणसं मोजकी. अण्णा हे मालक, संपादक आणि वेळ पडली तर प्रूफरीडर. चांगली सरकारी नोकरी सोडून त्यांनी तरुणपणी हा पेपर काढला, आणि त्याबद्दल त्यांच्या सौ., आमच्या काकू, अजूनही त्यांना टोमणे मारतात. रशीदभाई मशीनमन. मशीनशी ते प्रेमानं बोलतात, आमच्याशी मात्र ओरडून. मी खिल्लारे, उपसंपादक. बातम्या मीच लिहितो, मथळे मीच देतो आणि चुका झाल्या की फोनही मीच उचलतो.

आणि आता प्रणिता. अण्णांची लेक. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करायची, गेल्या वर्षीपासून घरूनच काम करते. घर आमच्या ऑफिसच्या वरच. एक दिवस ती खाली आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, लोक तुमचाच पेपर फुकट मोबाईलवर वाचतात. कागद घेतं कोण? छपाई बंद करा. मोबाईलवर पेपर जगेल, कागदावर मरेल."

अण्णांनी समोरचं प्रूफ बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत छापू. मग बघू."

आमच्या ऑफिसात 'मग बघू' म्हणजे कधीच नाही. पण या वेळी त्यांनी दुसऱ्या दिवशी कागदवाल्याला फोन करून दिवाळीनंतरचा माल नको म्हणून सांगितलं. अण्णा त्या दिवशी धड जेवले नाहीत, असं काकू सांगत होत्या. रशीदभाईंनी दिवसभर कोणावरही आवाज चढवला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते आम्हाला कळलं.

मग दिवाळीपर्यंत आम्ही रोज छापत राहिलो आणि चहाला बसलं की जुनं उकरत राहिलो. सांगतो.

* * *

मोबाईल नव्हते तेव्हाची गोष्ट. गावोगावचे वार्ताहर बातमी कागदावर लिहायचे, पाकिटात घालायचे, वर 'तातडीची बातमी' असं लिहून बसच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. ते पाकीट हिंगोलीच्या स्टँडवर उतरवून घ्यायचं काम रशीदभाईंकडे होतं. सायकल हाणत जायचे आणि पाकिटं पिशवीत भरून आणायचे.

एकदा शिरड शहापूरकडून येणाऱ्या बसमध्ये पाकीट होतं. रशीदभाईंना स्टँडवर नेमका जुना दोस्त भेटला. चहा झाला, मग आणखी एक झाला. तोवर बस पुढं वाशिमला निघून गेली आणि पाकीटही गेलं. ते दुसऱ्या दिवशी परत आलं. आत बातमी होती, "उद्या दुपारी मंदिरात महाप्रसाद. भाविकांनी लाभ घ्यावा."

घाईची वेळ. कोणी तारीख पाहिली नाही. आहे तशी छापली. म्हणजे महाप्रसाद आटोपला त्याच दिवशी संध्याकाळी आमचा पेपर सांगत होता की उद्या आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं जमली की हो! बैलगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, बाया लेकरं घेऊन आल्या. तिकडं कढया घासून पालथ्या घातलेल्या. गावकरी म्हणाले, "अहो, काल झाला ना महाप्रसाद!" तर लोकांनी पेपर वर धरला. "आमाला काय सांगता? पेपरात उद्या लिवलंय. तुमचंच काहीतरी चुकून राहिलं!"

गावकऱ्यांना स्वतःवरच शंका आली. मुकाट्यानं पुन्हा चुली पेटल्या.

पुढच्या दिवशी तिथला मुख्य आयोजक ऑफिसच्या दारात उभा. चांगला धिप्पाड गडी. अण्णांनी मला पुढं केलं आणि रशीदभाई मशीनच्या मागं गेले. तो माणूस आत आला, खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "सायेब, खऱ्या दिवशी निम्मी बी मानसं न्हवती. भात उरला. पेपरवाल्या पंगतीला मातर जागा पुरली न्हाई. पुढच्या साली बी एक दिवस लेटच छापा!"

रशीदभाई मशीनमागून बाहेर आले आणि ऐटीत म्हणाले, "देखा? मैं कायकू चाय पीतू, अब समझा?"

* * *

त्या काळात फोटो छापायचा म्हणजे धातूचा ब्लॉक बनवावा लागायचा आणि तो नांदेडहून करून आणावा लागायचा. त्यामुळं एका माणसाचा ब्लॉक एकदा झाला की तो त्याला जन्मभर पुरायचा. माणूस निवडून आला तरी तोच, पडला तरी तोच. सत्कार तोच, अपघात तोच!

पुसेगावला जाधव गुरुजी होते. शिक्षकाचं बक्षीस मिळालं तेव्हा ऐन तरुण होते, तेव्हाचा त्यांचा ब्लॉक. काळेभोर केस, बारीक मिशी. पुढं गुरुजी मुख्याध्यापक झाले, टक्कल पडलं, दात गेले, कवळी आली. पेपरात मात्र तसेच काळेभोर! मग ब्लॉकचा जमाना गेला, ऑफसेट मशीन आलं. आम्ही काय केलं? नवा फोटो कोण मागणार म्हणून त्याच जुन्या छापील फोटोवरून काम भागवलं.

गुरुजी चांगले म्हातारे होऊन गेले. आम्ही बातमी दिली, "पुसेगावच्या जाधव गुरुजींचे निधन", शेजारी फोटो.

आता गंमत अशी की गुरुजींचा मुलगाही शिक्षक. त्यालाही गाव जाधव गुरुजीच म्हणायचं. आणि तो हुबेहूब बापावर गेलेला, म्हणजे बापाच्या ब्लॉकवर! लोकांनी फोटो पाहिला, मथळा पाहिला आणि बाकी काही वाचलंच नाही. "अरेरे, भर वयात गेला" म्हणत माणसं रडत रडत पुसेगावला निघाली.

दार कोणी उघडावं? मुलानं. डोक्याचा गोटा केलेला, अंगावर पांढरं धोतर. पुढं असलेली एक मावशी तर किंचाळून ओट्यावरच बसली. मागून गुरुजींचे जुने मित्र आले, त्यांनी मुलाचे दोन्ही दंड चाचपून पाहिले.

"बाबू, तू जिता हायेस?"

"व्हय काका."

"मंग गेलं कोन?"

"बाबा गेले."

काकांनी मोठा सुस्कारा सोडला. "हात्तिच्या! मंग काय हरकत न्हाई!"

आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात आलं तसे मटकन खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडले. ही गोष्ट आम्हाला स्वतः त्या मुलानंच येऊन सांगितली, आणि सांगताना तोही हसत होता.

* * *

अशा गोष्टी ऐकून प्रणिता म्हणायची, "काका, म्हणूनच म्हणते बंद करा!" तिचंही चूक नव्हतं. पण मुलगी हिशेबी. निर्णय पक्का करण्याआधी तिनं वाचकांना फोन लावायचं ठरवलं. प्रश्न एकच, "तुम्ही छापलेला पेपर का घेता?" फोन स्पीकरवर, आणि आम्ही सगळे भोवती कान देऊन.

उत्तरं काय यावीत! एक बाई म्हणाल्या, "फळीवर आंथरायला. आता डब्याखाली मोबाईल ठेवू काय?" एक गृहस्थ म्हणाले, "वडील घेत होते म्हणून. कुनी बंद करा म्हनलं न्हाई, म्हनून चालू हाय." अण्णांचा चेहरा पडत चाललेला. बातम्यांचं नाव कोणी घेईना.

मग कळमनुरीकडचे एक वाचक लागले. आवाज दबका.

"मी सांगतो ताई, पर कुनाला बोलू नका. आमचे जावई सांजच्याला येतात. आले की उठत न्हाईत. लई बोलतात. मी पेपर उघडून धरतो."

प्रणिता म्हणाली, "काका, मग मोबाईल धरा की. त्यातही पेपर आहे."

"न्हाई ना ताई! मोबाईल धरला तरी मागून मानूस दिसतो. पेपर उघडला की मी पुरा झाकून जातो. तुमी चार पानाचा सहा पानाचा केला तर लई बरं व्हईल. ते आता जेवूनच जायला लागलेत!"

कितीतरी दिवसांनी अण्णा खदखदून हसले. प्रणितानं फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, जावयापासून लपणाऱ्यांवर पेपर चालत नसतो."

अण्णांचं हसू तिथंच थांबलं. खरं सांगतो, मला त्या पोरीचा त्या क्षणी रागच आला.

* * *

दसऱ्याच्या आधी मोबाईलवरचा पेपर सुरू झाला. वार्ताहरांना हुकूम गेला की आता बातमी लिहून पाठवू नका, जागेवरून लाईव्ह करा. आमचे आखाडा बाळापूरचे वार्ताहर भगवान पाईकराव. वय साठीकडं झुकलेलं, पण हुरूप विशीतला! त्यांनी लगेच काठीला मोबाईल बांधला आणि बाजारात फिरायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात त्यांना बाजाराच्या दिवशी कडाक्याचं भांडण सापडलं. एकाच्या दुकानासमोर दुसऱ्यानं टेम्पो लावलेला. कॉलर धरलेली, शिव्यांचा पाऊस, भोवती ही गर्दी. भगवानराव काठी घेऊन मधे घुसले आणि म्हणाले, "नमस्कार, आपण लाईव्ह आहोत!"

भांडण थांबलं. एकानं कॉलर सोडली. दुसऱ्यानं खिशातून कंगवा काढला. दुकानदार म्हणाला, "भगवानराव, जरा इकडून घ्या. दुकानाचा बोर्ड आला पायजे." टेम्पोवाला म्हणाला, "मंग माझा टेम्पो बी घ्या!" दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि आळीपाळीनं आपापली तकलीफ सांगायला लागले. एकमेकांना 'भाऊ' म्हणत!

लाईव्ह संपलं. भगवानराव काठी खांद्यावर टाकून निघाले, तसं दोघांनी त्यांना अडवलं.

"हे पेपरात कवा येईल?"

"पेपरात कशाला? आत्ताच आलं की. सगळ्या जगानं पाह्यलं."

दुकानदार म्हणाला, "ते आलं अन् गेलं. पेपरात आलं तर भांडन झाल्यासारखं वाटते. न्हाईतर काहून एवढी कॉलर फाडून घेतली मी?"

भगवानरावांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "टाका. एक कॉलम टाका." दिवाळी जवळ येत होती आणि अण्णा हल्ली कोणालाही नाही म्हणत नव्हते.

* * *

याच दिवसांत एक गावपुढारी ऑफिसात आले. वाढदिवसाची जाहिरात द्यायची होती. प्रणितानं त्यांना मोबाईलवरच्या जाहिरातीचे फायदे पटवले. छापलेली जाहिरात एक दिवस टिकते, ही आठवडाभर फिरत राहील वगैरे. पुढारी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन परत आले. सोबत पाच-सहा कार्यकर्ते.

"काय ओ ताई, सकाळपासून अंगठा झिजवून राहिलो. माझा फोटो काही दिसंना. हे बघा." त्यांनी मोबाईल पुढं केला. आमच्या पेपरच्या वर, जिथं त्यांचा हसरा चेहरा असायला हवा होता, तिथं खाजेच्या मलमाची जाहिरात. पुन्हा उघडलं, पुन्हा मलम. तिसऱ्यांदा उघडलं, दुसऱ्या कंपनीचं मलम!

"एवढे पैसे मोजून मी खाजेच्या मागं? ही इज्जत करता व्हय माणसाची?"

प्रणिता घाईघाईनं समजावायला गेली. "नाही काका, तसं नाही. ते आम्ही नाही लावत, आपोआप लागतं. ज्यानं मोबाईलवर जे शोधलेलं असतं ना, त्याला त्याचीच जाहिरात जास्त दिसते."

कार्यकर्त्यांनी हळूच आपापले मोबाईल उघडले. सगळ्यांना साहेबांचा फोटो दिसत होता. एकानं उत्साहानं सांगितलंसुद्धा, "साहेब, माझ्याकडं तर तुमीच दिसून राहिले!"

साहेबांनी मोबाईल खिशात टाकला आणि अण्णांकडं वळून म्हणाले, "अण्णा, छापून टाका. अर्धं पान."

रशीदभाई दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "कागज को मालूम नै रहता किस्कू कहाँ खुजली है."

प्रणितालाही हसू आवरलं नाही. पण निर्णय काही बदलला नाही. अशी जाहिरात रोज थोडीच येते?

* * *

एक किस्सा मात्र सांगताना मला थोडं वेगळंच वाटतं.

दसऱ्यानंतर लगेच ग्रामपंचायतीची मतमोजणी होती. चारला पेपर काढायचा, आणि सेनगाव तालुक्यातल्या एका वॉर्डाचा निकाल अडकलेला. आमच्या वार्ताहराचा फोन आला, अमुक उमेदवार निवडून आले, गुलाल उधळला. आम्ही छापलं. फोटोसकट. पेपर सुटला आणि तिकडं फेरमोजणी झाली. हा गडी पडला.

मोबाईलवरची बातमी प्रणितानं बसल्या जागी बदलली. एका बोटात आधीचं नाव गेलं, नवं आलं. छापलेल्याचं काय करणार? दुसऱ्या दिवशी खुलासा दिला आणि त्या पडलेल्या माणसाच्या शिव्यांची वाट बघत बसलो.

तो आलाच नाही. दिवाळीच्या तोंडावर मी कामानिमित्त त्या गावात गेलो, तर रस्त्यात भेटला आणि घरी ओढून घेऊन गेला. चहा मागवला. समोर भिंतीवर आमचा तो अंक, काच लावून फ्रेम केलेला! खाली झेंडूचा हार.

मी म्हणालो, "अहो, ही बातमी चुकीची होती."

"मला ठाव हाय की. पर सर, मी लई खेपा उभा राह्यलो अन् हर बारीला पडलो. मायला वाटायचं, पोरगं निवडून यावं. त्या दिवशी सांजच्याला पेपर आला, म्या मायला वाचून दाखवला. तिनं फोटोवरून हात फिरवला. फेरमोजनीचं तिला सांगितलंच न्हाई. आठ दिसांत गेली ती. सरपंचबाईंनी बी तिला शेवटपर्यंत मेंबरची मायच म्हनलं."

मग हळू आवाजात म्हणाला, "मोबाईलवर पाह्यलं म्या. तिथून माझं नाव कवाच पुसलं."

परत येऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मग मशीनच्या खोलीत जाऊन बसले.

* * *

दिवाळी झाली. दिवाळीचा अंक निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून छपाई बंद. चार वाजले की ऑफिसात कसंतरीच व्हायचं. पूर्वी त्या वेळेला जमीन हादरायची. आता पंख्याचा आवाज ऐकू यायचा. अण्णा रोज खाली येऊन खुर्चीत बसायचे, मोबाईलवर आपलाच पेपर लांब धरून वाचायचे आणि वर जायचे. मशीन बघायला एक गिऱ्हाईकही येऊन गेलं.

अशात मी मोबाईलवर एक बातमी टाकली. आमच्या भागातले एक पुढारी, सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. त्यांनी एकाच रस्त्याचं तिसऱ्यांदा भूमिपूजन केलं. रस्ता काही झाला नाही. मी मथळा दिला, "रस्ता तोच, नारळ तिसरा". खाली आबासाहेबांचा नारळ फोडतानाचा फोटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिससमोर घोषणा! "निषेध असो, निषेध असो!" "अंकाची होळी करणारच!" आबासाहेब स्वतः पुढं, मागं पन्नासेक कार्यकर्ते, पेट्रोलची बाटली आणि मोबाईल चॅनलवाले माईक सरसावून तयार. आम्ही खिडकीतून बघतोय.

घोषणा देऊन झाल्या. आबासाहेब म्हणाले, "आना रे अंक!"

कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. तो म्हणे मला वाटलं तू आणला, हा म्हणे मी तर ग्रुपवर वाचलं. एक जण टपरीवर पळाला आणि तिथून दुसराच कुठला तरी पेपर घेऊन आला. काडी ओढणार, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "थांबा! त्याच्यात सायबाच्या शुभेच्छांची जाहिरात हाय!"

शेवटी गजानन नावाचा त्यांचा मिशीवाला कार्यकर्ता चपला बाहेर काढून आत आला आणि अदबीनं म्हणाला, "काका, आजचे अंक हायेत का थोडे?"

मी म्हणालो, "छपाई बंद झाली. आता फक्त मोबाईलवर असतो."

"बंद? मंग आमी जाळावं काय?"

"ज्याच्यावर वाचलं ते जाळा."

गजाननानं हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. "परवाच घेतला ओ काका."

बाहेर चॅनलवाले घड्याळ बघायला लागले होते. आता आबासाहेबच आत आले. घाम पुसत अण्णांसमोर बसले.

"अण्णा, ही काय पद्धत झाली? बदनामी तुमी केली. मान्य. पर माणसानं निषेध करायचा तरी कसा? एवढी मानसं गोळा केली म्या!"

अण्णांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "निषेधाचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे," ते म्हणाले. "रशीदभाई, मशीन चालू होईल?"

"चालू होईल मतलब? रोज सुबे आको बिना कागज के फिराता हूँ. रोलर चिपक गए तो?"

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

अण्णांनी वर हाक मारली, "प्रणिता, पहिलं पान लावायला किती वेळ?" प्रणिता जिना उतरून आली, खिडकीतून बाहेर पाहिलं, पेट्रोलच्या बाटलीकडं पाहिलं, आबासाहेबांकडं पाहिलं आणि तोंडावर हात दाबून कॉम्प्युटरवर जाऊन बसली. जरा वेळानं तिचा आवाज आला, "आबासाहेब काका, फोटो एक कॉलम ठेवू का तीन कॉलम?"

आबासाहेबांनी विचार केला. "निषेधच करायचाय तर... तीन असू दे."

कार्यकर्त्यांना सतरंजी टाकून दिली. काकूंनी वरून सगळ्यांना चहा पाठवला. दिवाळीचा थोडा कागद उरला होता, तो चढवला. आणि मशीन सुरू झालं. जमीन हादरली. अण्णा दाराला हात लावून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गजानन गठ्ठा उचलायला आला तर अण्णा म्हणाले, "फुकट नाही. वाचायला घ्या की जाळायला, किंमत तीच."

आबासाहेबांनी गठ्ठ्यावरचा पहिला अंक उचलला. शाई अजून ओली होती. तीन कॉलम फोटो बघितला. हात लांब करून बघितला, मान वाकडी करून बघितला. मग नीट घडी घातली आणि अंक काखेत धरला.

"हा एक राहू द्या रे. बाकीचे जाळा!"

बाहेर जोरात होळी झाली. घोषणा झाल्या, चॅनलवाले खूश झाले. निघताना आबासाहेब पुन्हा दारात आले.

"अण्णा, या होळीचा फोटो उद्याच्या पेपरात आला पायजे. मोबाईलवर नको, सांगून ठेवतो!"

रशीदभाई रोलर पुसून ठेवायला चिंधी घेऊन वाकले होते. अण्णांनी त्यांच्या हातातून चिंधी काढून घेतली.

"राहू द्या रशीदभाई. शाई ओलीच असू द्या."